लातूरच्या आमच्या वाद्यांच्या दुकानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान आहे. आजोबांनी टाळ-चिपळ्या विकायला सुरुवात केली, अण्णांनी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, दुरुस्ती शिकून घेतली, आणि आता मी आणि आमचे कारागीर चाचा मिळून दुकान सांभाळतो. तबला, ढोलकी, पखवाज चाचा बघतात, पेट्या माझ्याकडे. इथून गेलेली काही वाद्यं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत वाजतात, नावाजलेले गायक त्यांच्या साथीवर गातात, हे कळल्यापासून फोन फार वाढलेत. हात कामात असला की नीट बोलणं होत नाही, म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथं लिहून ठेवतोय.

तुमच्याकडे कोणकोणते मोठे कलाकार येतात?

नावं सांगत नाही, आणि त्यामागं कारण आहे. गायकाचा आवाज वयानं किंवा आजारपणानं एका सुरानं खाली आला, तर ते घरच्यांच्या आधी पेटीवाल्याला आणि तबल्याच्या दुकानदाराला कळतं. इतकी वर्षं काळी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तबला नेणारा माणूस एके दिवशी हळूच काळी एकचा मागतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांकडं बघवत नाही. आम्ही काही न विचारता काळी एकचा काढून देतो. अशी गोष्ट ज्यानं विश्वासानं आमच्या हाती दिली, त्याचं नाव जाहिरातीसाठी वापरायचं नाही, हा अण्णांनी घालून दिलेला नियम आहे.

भिंतीवर फोटो का नाहीत, असंही विचारतात. एक आहे. पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा, अण्णांनी पेपरातून कापून चौकटीत बसवलेला. अंबाजोगाईजवळच्या आपेगावातून निघालेला पखवाज देशभर ऐकला गेला, याचा अण्णांना फार अभिमान होता. बापू आमचे गिऱ्हाईक होते म्हणून तो फोटो लावलेला नाही. ते या मातीतले होते, म्हणून लावला आहे.

मुंबई-पुण्यात इतकी दुकानं असताना कलाकार लातूरहून वाद्य का मागवतात?

गायक सहसा थेट येत नाहीत, त्यांचे साथीदार येतात. स्टुडिओत बसून ढोलकी, पखवाज, संबळ वाजवणाऱ्यांमध्ये मराठवाड्यातली पोरं बरीच आहेत. कुणी भजनी मंडळात टाळ धरत मोठा झाला, कुणी गोंधळ्याच्या घरात, कुणी भीमजयंतीच्या गायन पार्टीत. दिवाळीला गावाकडं आले की पिशवीत वाद्य असतंच. चाचांनी लहानपणी ज्याच्या ढोलकीला पुडी (वाजवायचं कातडं) चढवून दिली, तो मोठा झाला तरी चाचांकडंच येतो, आणि एका चांगल्या रेकॉर्डिंगनंतर गायक त्याला विचारतो, ‘हे वाद्य कुठलं रे?’ आमची जाहिरात म्हणाल तर एवढीच.

या भागाचा कानही तयार आहे. तुळजापूर आणि माहूर या दोन देवींच्या वाटांवर संबळ वाजतं. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ मोठमोठ्या रंगमंचांवर नेला. औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजन चालतं, नांदेडला हुजूर साहिबमध्ये पहाटेपासून कीर्तन असतं, पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी पंढरीला निघते. यातल्या कुठल्याही ठिकाणच्या वाजवणाऱ्याला ढिला पखवाज देऊन बघा. पहिल्याच थापेला तो तुमच्याकडं मान वळवून बघेल.

स्टुडिओसाठीचं वाद्य आणि कार्यक्रमासाठीचं वाद्य वेगळं असतं का?

बनावट तीच, पण पारख वेगळी. मंडपात हजार माणसं असली की पेटीच्या भात्याची फुसफूस कुणालाच ऐकू येत नाही. स्टुडिओतल्या माइकला मात्र ती गाण्याइतकीच स्पष्ट ऐकू जाते. म्हणून रेकॉर्डिंगला जाणारी पेटी मी रात्री दुकान बंद केल्यावर तपासतो. पंखा बंद, शटर खाली. आधी एकही पट्टी न दाबता भाता भरून सोडून देतो आणि तो किती वेळ टिकतो ते बघतो. लगेच बसला तर हवा कुठून तरी गळतेय. मग भात्याच्या कोपऱ्यांवरून ओली बोटं फिरवायची. जिथं गार लागतं तिथं चामड्याची पट्टी सुटलेली असते. त्यानंतर प्रत्येक पट्टी नुसती दाबून सोडायची, हवा न देता. लाकडावर लाकूड आपटल्याचा ‘टक्’ आवाज आला की खालचा नमदा झिजलाय असं समजायचं आणि बदलायचा. शेवटी प्रत्येक सूर अगदी मंद हवेवर लावून बघायचा. जोरात भाता मारला की कुठलाही सूर बोलतो. हलक्या हवेवर जो लगेच बोलतो तो चांगला, कारण माइकसमोर गायक कुजबुजत गायला लागला तर पेटीलाही तसंच कुजबुजता आलं पाहिजे.

तबल्यात वादीची (पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीची) कुरकुर आणि सैल गठ्ठ्याचा (वादीखालच्या लाकडी ठोकळ्याचा) खडखडाट शोधतो. ढोलकीच्या कड्या हलतात का तेही बघतो. खर्जाकडची घुमक मंडपात हवीहवीशी वाटते, स्टुडिओत मात्र ती फार लांबली तर पुढच्या बोलावर चढते. म्हणून रेकॉर्डिंगच्या डग्ग्याला आस, म्हणजे नादाचं रेंगाळणं, थोडी कमी ठेवावी, असं माझं मत आहे. काही वादकांना ते पटत नाही. त्यांना हवं तसं करून देतो.

माझी जुनी पेटी ट्रॅकबरोबर (रेकॉर्ड केलेल्या साथीबरोबर) बेसूर का लागते? घरी तर सुरात वाटते.

हा प्रश्न रोज येतो. तुमची पेटी स्वतःशी सुरात आहे, पण ट्रॅकशी नाही. आजकालचे ट्रॅक कीबोर्डवर बनतात आणि कीबोर्डची पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर बांधलेली असते. जुन्या पेट्या तेवढ्यावर असतीलच असं नाही. समजा तुमची पेटी ४३६ वर आहे. मग ती ४४० बरोबर वाजवली की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात, वँव-वँव-वँव-वँव. सूर मिळवताना आम्हीही हेच हेलकावे ऐकतो. ते मंदावत जातात, आणि थांबले की सूर मिळाला.

सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाशी घासली की हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी, रिबिटाजवळ घासली की मऊ पडते आणि उतरतो. एका वेळी पात्याचा एकच हलका ओरखडा काढायचा, पेटीत बसवायचा, ऐकायचा, परत काढायचा. तीन सप्तकांची, दोन ओळींची पेटी म्हणजे सत्तरच्या वर सूर. पूर्ण पेटी ४४० वर आणायला मला तीन दिवस लागतात. घाई केली की जीभ जास्त घासली जाते, आणि घासलेलं पितळ परत भरता येत नाही.

जुनी पेटी जर्मन जुबिलेट सुरांची असेल तर आणण्याआधी एकदा बोला. ते सूर फार गोड असतात. ते घासण्यापेक्षा ती पेटी मैफिलीसाठी आहे तशीच ठेवा, आणि स्टुडिओसाठी पालिताण्याच्या सुरांची दुसरी घ्या. हे सांगून माझं दुरुस्तीचं काम जातं, पण तशा पेट्या आता नव्यानं बनत नाहीत.

पेटीत खरा गंधार (सा-रे-ग मधला ग) नसतो असं बुवा म्हणतात. खरंय का?

खरं आहे. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बांधलेले असतात आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार त्यापेक्षा किंचित खाली असतो. हा वाद जुना आहे; आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदीच घातली होती. एकाच पट्टीत (कायम एकाच ‘सा’वरून) गाणाऱ्यांना आम्ही गंधार पद्धतीनं, म्हणजे तानपुऱ्याच्या गंधाराला जुळवून, सूर लावून देतो, फार गोड लागते. पण पट्टी बदलली की तीच पेटी कर्कश होते, आणि ट्रॅकबरोबर ती चालणार नाही. भजनी मंडळात दर गायकाची पट्टी वेगळी असते, तिथं हे करू नका.

इथं लावलेला तबला मुंबईत पोहोचला की उतरतो. दोष तुमचा ना?

एकदा दोष माझाच होता, तो सांगतो. मे महिना होता. मुंबईच्या एका रेकॉर्डिंगसाठी काळी एकचा तबला हवा होता. इथं उन्हाचा नुसता भडका. चाचा म्हणाले, ‘चमडा अभी बहुत सूखा है, दो दिन रुको.’ मी थांबलो नाही. दुपारी सुरात लावला आणि रात्रीच्या गाडीनं पाठवला. समुद्राच्या दमट हवेत रात्रभरात चामड्यानं ओल धरली आणि सकाळी तबला अर्ध्या सुराच्याही खाली होता. वादकानं गठ्ठे ठोकून चढवला, तर स्टुडिओच्या एसीत तासाभरात तो वर गेला. पुन्हा उतरवला, तर एका ठिकाणी वादी तटकन तुटली. सगळ्यांचा दिवस गेला. गायक मला एक शब्दही बोलले नाहीत, वादक मात्र दोन वर्षं आमच्याकडं आला नाही. चूक माझी होती हे मी त्याला फोन करून सांगितलं होतं, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मुंबईला जाणाऱ्या वाद्याची पद्धत ठरलेली आहे. पुडी चढवल्यावर निदान आठवडाभर वाजवून बसू द्यायची. गठ्ठे मधोमध ठेवायचे, म्हणजे चढवायला आणि उतरवायला दोन्हीकडं जागा राहते. तबला सुरापेक्षा पाव सूर वर लावून पाठवायचा, आणि महत्त्वाचं काम असेल तर जोडीला दुसरा तबला द्यायचा. वादकांना एकच विनंती: स्टुडिओत पोहोचल्याबरोबर कव्हर काढा आणि तासभर हातोडीला हात लावू नका. वाद्याला त्या खोलीची हवा लागू द्या, मग मिळवा.

पखवाज आणि मृदंगवाल्यांना हे आपोआप जमतं, कारण डाव्या पुडीला ते कणीक तिथंच मळून लावतात आणि खोलीच्या हवेप्रमाणं कमी-जास्त करतात.

पुडी बदलायला किती दिवस लागतात? आज देऊन उद्या मिळेल का?

तयार पुडी नुसती चढवायची असेल तर दोन दिवस. चाचांच्या हातची नवी हवी असेल तर पंधरा. आषाढीच्या आधी, नवरात्रात आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या तोंडावर महिनाभर धरून चाला.

इतका वेळ शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, लागतो. लोहकिटाची बारीक पूड आणि भाताची खळ एकत्र मळून तिचा पातळ थर बोटानं पुडीच्या मधोमध द्यायचा, अर्धवट सुकला की गुळगुळीत दगडानं घासायचा. दगड गोलगोल फिरतो तशी शाईला बारीक जाळीसारख्या चिरा पडतात. चिरा पडल्या म्हणजे बिघडलं असं नवख्याला वाटतं. उलट त्या चिरांमुळंच शाई पुडीबरोबर हलते आणि नाद मोकळा होतो. मग पुढचा थर, आधीपेक्षा लहान घेराचा. चाचा दर थरानंतर पुडी कानाजवळ नेऊन टिचकी मारतात आणि डोळे मिटतात. साध्या ढोलाच्या कातड्यातून नुसता धप्प आवाज येतो. शाईमुळं तबल्या-मृदंगातून तारेच्या वाद्यासारखे एकमेकांना जुळणारे नाद निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये याच गोष्टीवर लिहिलं होतं. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद मागितला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तो कागद त्यांच्या हत्यारांच्या डब्यात आजही आहे.

तानपुरा, सतार तुम्ही बनवता का?

नाही. मिरजेहून आणतो. तिथल्या शिकलगार कुटुंबांनी तलवारी घडवता घडवता तंतुवाद्यं हाती घेतली आणि दीडशेहून जास्त वर्षं ती कला घरात राखली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, भीमाकाठचे.

मिरज आणि लातूर यांचं आणखी एक नातं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या शहरात प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी मिरजेहून आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कोरड्या हवेनं आमच्याकडच्या दोन तानपुऱ्यांच्या तबल्या (भोपळ्यावरच्या लाकडी फळ्या) तडकल्या, आणि दुरुस्तीला त्या मिरजेलाच न्याव्या लागल्या. कारागिरानं मजुरी घ्यायला नकार दिला. मी बळंच दिली.

जव्हारी मात्र (तारांखालची घोडी घासून नाद खुलवणं) आम्ही इथं लावतो. उन्हाळ्यात घरी तानपुरा असेल तर खोलीत पाण्याची उघडी बादली ठेवा, आणि कूलरच्या झोतासमोर कधीही ठेवू नका.

आजोबांच्या सतारीला सांबरशिंगाची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) आहे. तशीच नवी बसवून द्याल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि त्याखाली सांबरशिंगाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कितीही मोठ्या कलाकाराचा निरोप आला तरी आमचं उत्तर हेच असतं. उंटाच्या हाडाची किंवा काळ्या लाकडाची घोडी चांगली बोलते.

शिसमचा तबला परदेश दौऱ्याला नेता येतो का?

येतो. शिसमच्या जातीच्या लाकडावर २०१७ पासून साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय) कराराची बंधनं आली होती, पण २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसमाला ती सूट नाही, पण ते आपल्याकडच्या तबल्यात नसतं. दुकानाची पावती जवळ ठेवा, तिच्यावर लाकडाचं नाव आम्ही लिहूनच देतो.

प्रसिद्ध कलाकारांना वाद्य फुकट देता का?

नाही, आणि कुणी मागितलंही नाही. भजनी मंडळाला जो भाव, तोच त्यांना. उधारी मात्र होते. रेकॉर्डिंगचे पैसे वादकाच्या हातात यायला महिने जातात, हे मला ठाऊक आहे, म्हणून वादकाला थांबतो. निर्मात्याच्या ऑफिसनं थेट ऑर्डर दिली तर अर्धे पैसे आधी घेतो. एका निर्मिती कंपनीनं सहा ढोलक्यांचे पैसे आजवर दिलेले नाहीत, आणि त्या ढोलक्यांवर चाचांची मजुरी होती. ती मी माझ्या खिशातून दिली. कारागिराची मजुरी गिऱ्हाइकाच्या उधारीवर कधीही अवलंबून ठेवू नये.

मलाही असं दुकान काढायचं आहे. भांडवल किती लागेल?

आधी दुरुस्ती शिका, भांडवलाचं नंतर बघू. नुसतं विकणारं दुकान आता टिकत नाही, कारण नवी वस्तू मोबाइलवरही मिळते. तुटलेली वादी, बसलेला सूर, उतरलेली जव्हारी घेऊन माणसाला कुणाच्या तरी दारात जावंच लागतं. एखाद्या कारागिराजवळ निदान दोन वर्षं बसा. पहिले सहा महिने त्यानं नुसत्या वाद्या भिजवायला लावल्या तरी उठू नका.

माल थोडा ठेवा. आमच्याकडं गिटारी आहेत चार, कीबोर्ड दोन. पण टाळांच्या वीस जोड्या कायम असतात, कारण हरिनाम सप्ताह कुठल्या गावात कधी ठरेल सांगता येत नाही. खोडांमध्ये (तबला-ढोलकीच्या लाकडी अंगामध्ये) पैसा अडकतो. ओलं खोड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात त्याला भेग जाते.

आणि एक वही ठेवा. आमची वही अण्णांपासूनची आहे, लाल कापडाच्या बांधणीची. प्रत्येक वादकाचं एक पान. त्यात लिहिलेलं असतं: हात जड की हलका, घाम येतो का, कुठल्या गायकाबरोबर वाजवतो, पट्टी कोणती, पुडी कधी चढवली, किती महिने टिकली. घाम येणाऱ्या हाताला चाट (पुडीच्या कडेची चामड्याची पट्टी) थोडी जाड ठेवावी लागते. जड हाताला लव (चाट आणि शाई यांच्यामधली मोकळी जागा) मोठी दिली तर शाई लवकर उडते. दहा वर्षांनी माणूस आला तरी पान उघडून त्याच्या हाताचं वाद्य देता येतं. मोठा कलाकार आमच्याकडं परत येतो तो त्या पानासाठी, असं मला वाटतं.

आठ वर्षांच्या लेकीला तबला शिकवायचा आहे. कोणता घेऊ?

गुरुजींना विचारून मगच या, आणि लेकीला सोबत आणा. डग्गा तिच्या मनगटाला झेपतो का ते बसवूनच बघावं लागतं. गांधर्व महाविद्यालयाच्या पहिल्या एक-दोन परीक्षांपर्यंत साधं खोड पुरतं. महागडा तबला विशारदच्या सुमाराला घ्या.

जीएसटी लागतो का?

हातानं घडवलेल्या भारतीय वाद्यांची सरकारी यादी आहे, त्यातल्या वाद्यांना लागत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना लागतो. पक्की पावती दोन्हींना मिळते.

कुरिअरनं पाठवता का?

पेटी पाठवत नाही. माणूस सोबत असेल तरच देतो. तबला-ढोलकी पाठवतो, पण चुंबळ, हातोडी आणि जास्तीची एक वादी त्याच खोक्यात असते. ती काढून ठेवायला विसरू नका.

दुकान कधी उघडं असतं?

सकाळी दहा ते रात्री आठ, शुक्रवारी चाचा दुपारी तीननंतर भेटतात. दुरुस्तीचं वाद्य संध्याकाळी आणू नका, उजेडात आणा; पुडीची भेग ट्यूबलाइटखाली दिसत नाही. आणि येताना वाद्य पुसून, चकचकीत करून आणू नका. कुठं किती झिजलंय, घाम कुठं मुरलाय, हे त्याच खुणांवरून कळतं.